फ्लेबोटॉमी प्रमाणपत्र अभ्यासक्रम, मेडिकल चौक परिसर, नागपूर : शिकवणे उत्तम, पगाराचे आश्वासन फुगवलेले

मेडिकल चौकाच्या परिसरातील एका खासगी संस्थेत माझ्या धाकट्या बहिणीने बारावीनंतर रक्तनमुने घेण्याचा, म्हणजे फ्लेबोटॉमीचा, प्रमाणपत्र अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. प्रवेशाची चौकशी मी केली, फी मी भरली आणि नोकरीच्या मुलाखतींना तिच्यासोबतही मीच गेले. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा आश्वासनांची पत्रके शहरात इतरत्रही वाटली जातात.

शिकवण्याच्या बाबतीत संस्थेला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. आधी रबरी हातावर, मग एकमेकींच्या हातावर आणि त्यानंतर संस्थेशी जोडलेल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर, असा सरावाचा क्रम होता. शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चाचपा, हे मॅडमनी पक्के ठसवले. टूर्निके, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, एका मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवायचा नाही, स्पिरिट वाळल्याशिवाय सुई टोचायची नाही आणि ट्यूबवर नाव रुग्णासमोरच घालायचे, या गोष्टी त्यांनी रोज तपासल्या. ट्यूब भरण्याचा क्रमही नुसता पाठ करून घेतला नाही, तर निळ्या टोपणाची सायट्रेटची ट्यूब आधी, मग लाल किंवा पिवळी, नंतर जांभळी आणि शेवटी करडी असे का, हे समजावून सांगितले. जांभळ्या ट्यूबमधील ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारा पदार्थ, हा पोटॅशियमचा क्षार असतो. त्याचा अंश पिवळ्या ट्यूबमध्ये गेला तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते, आणि डॉक्टर त्याच आकड्यांवर औषध ठरवतात. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि वारंवार सलाइन लावल्याने त्यांच्या शिरा खराब झालेल्या असतात. अशा रुग्णांसाठी बटरफ्लाय सुई, म्हणजे पंखांसारखी पकड असलेली बारीक सुई, कशी धरावी, हेही इथे मनापासून शिकवले गेले.

एक उणीव मात्र गंभीर आहे. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात आणि हा अभ्यासक्रम त्याआधीच संपतो, तरी लस घेतली आहे का, हे प्रवेशाच्या वेळी कोणी विचारले नाही. रोज दुसऱ्याच्या रक्ताशी संबंध येणार असलेल्या मुलींच्या बाबतीत ही ढिलाई चालण्यासारखी नाही.

आता पगाराकडे येते. सुरुवातीलाच महिना २५ हजार मिळतील, असे आम्हाला प्रवेशाच्या वेळी सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात धंतोली आणि रामदासपेठेतील ज्या लॅबमध्ये आम्ही विचारणा केली, तिथे नव्या मुलीसाठी १० ते १३ हजारांच्या पुढे कोणी बोलले नाही. त्यातूनही मूळ वेतनाच्या १२ टक्के पीएफ आणि एकूण वेतनाच्या ०.७५ टक्के ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापले जाते. ही कपात नसलेली नोकरी वरवर फायद्याची दिसते, पण मी तरी कपात असलेलीच निवडायला सांगेन, कारण आजारपणात हाच आधार असतो. होम कलेक्शनच्या कामात प्रत्येक भेटीमागे थोडे जास्त पैसे सुटतात. मात्र उपाशीपोटी द्यायचे नमुने असल्याने दिवस पहाटे सुरू होतो, बेसा ते जरीपटका असे अंतर स्वतःच्या गाडीने कापावे लागते आणि मे महिन्याच्या उन्हात नमुन्यांची थंड पेटी सांभाळणे ही आणखी एक जबाबदारी असते. तेव्हा पेट्रोलचा भत्ता वेगळा मिळतो की त्याच पैशात धरला आहे, हे रुजू होण्यापूर्वी लेखी घ्यावे.

पुढच्या संधींबद्दल संस्थेने जवळजवळ काहीच सांगितले नाही, आणि माझ्या मते हीच तिची मोठी चूक आहे. काम मिळत नाही असे नाही. या शहरात रुग्णालये आणि लॅब इतक्या आहेत की हात चांगला असलेली मुलगी फार दिवस घरी बसत नाही. पण केवळ या प्रमाणपत्रावर माणूस नमुना घेण्याच्या खुर्चीपाशीच अडकतो. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांतील तंत्रज्ञांच्या नियमित पदांसाठी डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, किंवा पदवी लागते. रक्तपेढीत तंत्रज्ञ व्हायचे तर नियमानुसार पदविकेसोबत एक वर्षाचा, किंवा पदवीसोबत सहा महिन्यांचा, तपासणीचा अनुभव लागतो. त्यामुळे बारावी विज्ञान शाखेतून झालेल्या मुलीने शक्य असेल तर थेट डीएमएलटीला जावे. ज्या घरात लगेच कमाईची गरज आहे, तिथे हा अभ्यासक्रम घेऊन नोकरी करत पुढचे शिक्षण घेणे योग्य ठरेल, आणि माझी बहीणही आता सकाळची नोकरी सांभाळून त्याच तयारीला लागली आहे.

फी भरण्यापूर्वी मागच्या तुकडीतील दोन-तीन मुलींची नियुक्तिपत्रे दाखवायला सांगावीत आणि त्यांवरील पगाराचा आकडा स्वतः वाचावा. पत्रे दाखवायला संस्था तयार नसेल, तर पैसे भरू नयेत.