जवळचं छोटं हॉस्पिटल: कशासाठी जावं, कशासाठी नको (४ स्टार)

चार स्टार देतोय. पाचवा का नाही ते खाली येईलच, पण मोठ्या हॉस्पिटलसारखं सगळं एका छताखाली मिळेल म्हणून जाणार असाल तर तुम्ही एकच स्टार द्याल, कारण इथे ना कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली) आहे ना न्यूरोसर्जन.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री घेऊन गेलो. केसपेपर नंतर काढा म्हणाले आणि सिस्टरने आधी ईसीजी काढला, रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत तो व्हायला हवा असं गाईडलाइनमध्येच आहे पण गर्दीच्या कॅज्युअल्टीत नेमकं तेच राहून जातं. डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि गोल गोल न बोलता सांगितलं, अटॅक आहे, अँजिओप्लास्टी इथे होत नाही, आणि जिथे होते तिथे १२० मिनिटांत ती होईलसं वाटत नाही, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच देऊन मग पाठवतो. त्याआधी धडाधड प्रश्न, मेंदूत कधी रक्तस्राव झालाय का, अलीकडे काही ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. मला तेव्हा राग आला होता की आधी द्या ना इंजेक्शन, पण त्याने रक्तस्राव होऊ शकतो म्हणून हे विचारावंच लागतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेफरल लेटर, हसू नका. इंजेक्शन किती वाजता दिलं, अ‍ॅस्पिरिन किती, बीपी किती, कुठली अ‍ॅलर्जी, सगळं वाचता येईल अशा अक्षरात, ईसीजीची कॉपी पिन केलेली, आणि अँब्युलन्स निघायच्या आधी डॉक्टरांनी स्वतः पुढच्या हॉस्पिटलला फोन लावून बेड आहे का ते विचारलं. तिकडे पोचलो तर ते वाटच बघत होते, पहिल्यापासून कहाणी सांगत बसावं लागलं नाही. माझं तर मत आहे की छोटं हॉस्पिटल जोखायचं असेल तर तिथून पेशंट पुढे कसा पाठवतात ते बघा, नुसतं "मोठ्या ठिकाणी न्या" म्हणून हात वर करणारे पण आहेतच की.

दुसरा मोठा फायदा रोजच्या दुखण्यांचा. डायलिसिसवाल्यांना विचारा, साधारण आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी जवळपास ४ तास, त्यात लांबचा प्रवास आला की माणूस आणि घरचे दोघंही संपतात. इथल्या टेक्निशियनला कोणाच्या फिस्चुलाला (डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीला) कुठे सुई लागते ते तोंडपाठ आहे. शुगर, बीपी, ड्रेसिंग, नॉर्मल डिलिव्हरी, हर्निया, अपेंडिक्स यासाठी बिनधास्त जा. अन्ननलिकेचं किंवा स्वादुपिंडाचं कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर मात्र जिथे ती नेहमी होतात तिथेच जा, तिथे रिझल्ट चांगले येतात, यात जवळच्या हॉस्पिटलचा अपमान वगैरे काही नाही.

आता कापलेला स्टार. सीटी मशीन आहे पण रात्री ते चालवायला माणूस नसतो. लकवा म्हणजे स्ट्रोक आला तर गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कळत नाही, आणि गुठळीचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणजे रात्री तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर इथे येऊन वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे बोर्डवर लिहा म्हणून सांगितलं, अजून तरी लिहिलेलं नाही. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलला पण आजच फोन करून विचारून ठेवा, सीटी रात्री चालू असतो का, रक्ताची सोय आहे का, भूलतज्ज्ञ रात्री येतात का.

मेडिकल स्टोअर रात्री बंद, रविवारी सोनोग्राफी नाही. बाथरूम स्वच्छ. लिफ्ट भरवशाची नाही पण स्ट्रेचरला रॅम्प आहे.