दहा गिगाबिटचा आकडा दिसला म्हणून बिल चुकतं करू नका

कोथरूडमधल्या एका व्हिडिओ एडिटरचा हा अनुभव. कॉम्प्युटर हॉलमध्ये, फायलींचा सर्व्हर आतल्या खोलीत माळ्याखाली, मधे साधारण 18 मीटर केबल. फूटेज सर्व्हरवरच ठेवून एडिटिंग करता यावं म्हणून दोन्ही मशिन दहा गिगाबिटने जोडायचं काम त्याने एका नेटवर्कवाल्याला दिलं. दोन ‘नवीन’ नेटवर्क कार्डं, ‘कॅट सेव्हन’ केबल, ‘टेन जी’ स्विच, मोड्यूल आणि मजुरी धरून चाळीस हजारांच्या वर गेले, तेही पक्क्या बिलाशिवाय. काम झाल्यावर स्क्रीनवर ‘10 जीबीपीएस’ दिसलं, दोन जीबीची एक फाइल झरझर गेली आणि पैसे दिले गेले. मग खरं फूटेज चढवायला घेतलं तेव्हा वेग कोसळला, मधूनच लिंक तुटायला लागली, आणि फोनवर उत्तर आलं, ‘तुमची हार्ड डिस्क स्लो आहे, साहेब.’

हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणून लोक गप्प बसतात. एक हार्ड डिस्क सेकंदाला 150 ते 250 एमबीच्या आसपास लिहिते. दहा गिगाबिटची लिंक सेकंदाला 1,100 एमबीपर्यंत नेऊ शकते, तेव्हा एसएसडी किंवा बऱ्याच डिस्क एकत्र असल्याशिवाय तिचा पुरता उपयोग होत नाही. पण हे पैसे घ्यायच्या आधी सांगायचं असतं. शिवाय दोन जीबीची फाइल वेगाने गेली त्याचं कारण ती सर्व्हरच्या रॅममध्येच मावली. डिस्कशी गाठ पडलीच नाही. प्रात्यक्षिक दाखवायला अशीच छोटी फाइल निवडतात.

स्विचची तर गरजच नव्हती. दोनच मशिन जोडायची असतील तर एका कार्डातून दुसऱ्या कार्डात सरळ केबल लावायची. ‘त्याला क्रॉस केबल लागते’ असं सांगून वेगळे पैसे मागणारेही भेटतात. त्या केबलमध्ये तारांची अदलाबदल केलेली असते, ती आजची कार्डं स्वतःच करतात. इथे दिलेल्या स्विचच्या खोक्यावर ‘10 जी’ ठळक होतं, पण आठ पोर्ट 2.5 गिगाबिटचे आणि दहाचे फक्त दोन, तेही एसएफपी प्लसचे, म्हणजे मोड्यूल बसवायच्या रिकाम्या खाचा. त्या दोन खाचांत आरजे 45 ची, म्हणजे नेहमीची नेटवर्क केबल लागणारी, मोड्यूल घालून त्यांचेही पैसे लावले. ही मोड्यूल हाताला चटका बसेल इतकी तापतात.

कार्डं इंटेल एक्स 540 ची, सर्व्हरमधून काढलेली. जुनं कार्ड घेण्यात वाईट काही नाही, जुनं म्हणून आणि जुन्याच्या भावात मिळालं तर. हीटसिंकच्या पात्यांत अडकलेली धूळ, पट्टीवर स्क्रूचे व्रण आणि सोनेरी दातांवरचे ओरखडे बघितले की कळतं. लिनक्समधल्या एलएसपीसीआय या कमांडमध्ये 8086:1528 हा ओळख क्रमांक दिसला म्हणजे चिप एक्स 540 ची आहे एवढंच सिद्ध होतं. बोर्ड कोणी बनवला ते त्यावरून कळत नाही. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार पंख्यांसाठी बनलेली असतात. बंद कॅबिनेटमध्ये वारा लागला नाही तर तापून लिंक सोडतात, म्हणून हीटसिंकवर वारा येईल असा छोटा पंखा लावावाच.

सर्व्हरमध्ये कार्ड बसवलं होतं ते दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये. दिसायला तो सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट), पण स्वस्त मदरबोर्डवर अशा स्लॉटला बऱ्याचदा एकच लेन जोडलेली असते. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीचं. एका लेनवर सेकंदाला 500 एमबी हीच कमाल, प्रत्यक्षात साडेतीन गिगाबिटच्या आत. लिंक मात्र ऐटीत ‘10’ दाखवते, कारण तो आकडा केबलवरच्या बोलणीचा आहे, स्लॉटचा नाही. निदान चार लेन हव्यात.

आता केबल, कारण खरी लबाडी तिथे असते. ‘कॅट सेव्हन’ हा टीआयए या अमेरिकन केबल मानकात प्रकारच नाही, त्यामुळे आरजे 45 लावलेल्या स्वस्त केबलवरचं ते नाव बहुधा नुसतं छापलेलं असतं. 18 मीटरला चांगली कॅट सिक्स पुरते. दहा गिगाबिटला ती साधारण 55 मीटरपर्यंत चालते, आणि कॅट सिक्स ए 100 मीटरपर्यंत. पण तार अस्सल तांब्याची पाहिजे. इथे निघाली सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. टीआयए मानकाला ती चालत नाही.

ओळखायची कशी? एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर सीसीए. वरून पांढरट आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, घाबरू नका. सीसीए तार दोन-चारदा वाकवली की तुटते, म्हणूनच क्रिम्पमध्ये, म्हणजे कनेक्टर दाबून बसवतात तिथे, संपर्क सुटतो. भिंतीतून ओढायच्या आधी केबलच्या 305 मीटरच्या खोक्यावरच मल्टिमीटर लावता आला तर उत्तम. पुण्यात तपकीर गल्लीत साधा मीटर सहज मिळतो. त्याचे प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. 23 गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) अख्ख्या खोक्याची एक तार तांब्याची असेल तर 20-21 ओहम येतात, सीसीए असेल तर तिशीच्या पुढे. गेज कोणताही असो, मानकाची मर्यादा 100 मीटरला 9.38 ओहम आहे, म्हणजे खोक्याला साधारण 28.6. त्यावर गेलेलं खोकं परत करा.

केबल सरळ जोडल्यावर कॉम्प्युटरला आयपी पत्ता 10.10.10.1, सर्व्हरला 10.10.10.2, मास्क 255.255.255.0 द्या आणि गेटवे रिकामा ठेवा. शेअर 10.10.10.2 या पत्त्यानेच उघडा, नाहीतर फायली जुन्या वाटेने राउटरमधूनच जात राहतात. मग त्या नेटवर्कवाल्यासमोर आयपर्फ 3 हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम मिनिटभर चालवा, उलट दिशेनेही. 9.4 गिगाबिटच्या आसपास आलं तर काम चोख. 0.94 आलं तर एकतर वाट जुनी आहे किंवा लिंक एक गिगाबिटवर घसरली आहे. तीन-साडेतीनवर अडकलं तर स्लॉट बघा. आकडा खालीवर होत असेल तर लिनक्सच्या इथटूल या कमांडमध्ये सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची संख्या, वाढतायत का ते बघा. वाढत असतील तर आधी केबल, मग क्रिम्प. चुका शून्य आणि तरी दहा-पंधरा मिनिटांनी लिंक तुटते, तर कार्ड तापतंय. जम्बो फ्रेमच्या (डेटाचे मोठे तुकडे पाठवायची सोय) भानगडीत हे सगळं ठीक झाल्याशिवाय पडू नका.

काम ठरवताना अर्धीच रक्कम आगाऊ द्या. बाकीची आयपर्फच्या निकालानंतर, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. जीएसटी बिलावर कार्डाचं मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘शुद्ध तांबे, कॅट सिक्स’ हे शब्द मागा. बिल नाकारणाऱ्याला काम देऊ नका. फसवणूक झालीच असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. केबल बदलताना छापील मजकुराचा हातभर तुकडा, खरवडलेल्या तारेचा फोटो, आयपर्फचे स्क्रीनशॉट आणि पैसे दिल्याची यूपीआय नोंद जपून ठेवा.