अदलाबदलीची तयार पेटी: वर्षभर माळ्यावर ठेवून केलेले परीक्षण

गेल्या वर्षी मार्चअखेरीस मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ६,४९९ रुपयांना एक पेटी मागवली. चलन कोसळले, बँका बंद पडल्या आणि नोटेला कोणी विचारीनासे झाले, तर वस्तूच्या बदल्यात वस्तू घेता यावी म्हणून निवडून भरलेला माल, असे तिचे वर्णन होते. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण याच धर्तीच्या पेट्या आता आणखी दोन-तीन ठिकाणी मिळू लागल्या आहेत आणि त्यांच्या याद्या पाहता माझे म्हणणे त्या सर्वांनाच कमीअधिक लागू पडावे.

असल्या वस्तूच्या मोहात मी का पडलो, हे आधी सांगितले पाहिजे. मी आयुष्यभर इंदूरच्या एका बँकेत रोखपाल होतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनातील एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम एका घोषणेसरशी बाद झाली, आणि पुढचे कित्येक आठवडे मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून बाहेरची रांग पाहत होतो. त्या दिवसांतील मला सर्वांत जास्त आठवते ती रिकामी तिजोरी नव्हे, तर दोन हजारांची कोरी नोट हातात घेऊन परत खिडकीशी आलेली माणसे. नोट खरी होती, सरकारी होती, पण तिचे सुटे देणारा कोणी नव्हता, म्हणून तिच्यावर पाव किलो भेंडीसुद्धा मिळत नव्हती. पुढे या पेटीची परीक्षा करताना मी हीच गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवली.

पेटी लोखंडी पत्र्याची, हिरव्या रंगाची, कडीकोयंड्याची असून वजनाला साधारण अकरा किलो भरली. आत गॅसचे पाच लायटर, चोवीस लांब मेणबत्त्या, बारा पेन्सिल सेल, हातशिलाईच्या सुयांची पाच पाकिटे, अर्ध्या अर्ध्या किलोच्या चकचकीत थैल्यांतून साखर आणि मीठ, झटपट कॉफीच्या पन्नास पुड्या, हॉटेलात ठेवतात तसले चिमुकले साबण, पत्त्यांचे दोन जोड, पाणी शुद्ध करण्याच्या शंभर गोळ्या, मासे धरण्याचे गळ व नायलॉनची दोरी आणि मखमली डबीत पाच ‘चांदीची नाणी’ निघाली. सोबत इंग्रजीतली सोळा पानी पुस्तिका होती. यादी कोठल्या तरी परदेशी यादीवरून जशीच्या तशी उचलली आहे, हे गळ पाहताच ध्यानात आले. इंदूरच्या रामबाग वस्तीत राहणाऱ्या माणसाला गळ टाकण्याजोगे मोठे पाणी म्हणजे सिरपूर तलाव किंवा यशवंत सागर. ही दोन्ही ठिकाणे २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेली असून तेथे लोक पक्षी पाहायला जातात.

‘कोरड्या जागी ठेवल्यास पाच वर्षे चिंता नको’ असा छाप पेटीवर होता, म्हणून मी ती आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली आणि एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ दिला. हा अन्याय आहे असे कोणी म्हणेल, परंतु इंदुरातल्या मध्यमवर्गीय घरात अडगळीची जागा माळ्यावरच असते आणि मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, ही काही गुप्त बातमी नाही. पेटी खाली काढली तेव्हा मेणबत्त्या कारल्यासारख्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. पाचांपैकी दोन लायटरांतला गॅस आपोआप उडून गेला होता, आणि तापणाऱ्या पत्र्याखाली तो निमूटपणे उडाला हेच नशीब म्हणायचे. तीन सेलांच्या बुडाशी ओलसर, चिकट थर जमून शेजारच्या सुयांच्या पाकिटांना गंज चढला होता. साखरेच्या थैलीत ऑक्सिजन शोषणारी पुडी घातलेली असल्याने साखरेचा एकसंध दगड झाला होता आणि पत्नीने तो खलबत्त्यातील बत्त्याने फोडला. साखर आणि मीठ कोरडे ठेवले की नासत नाहीत, त्यांना असल्या पुडीची गरजच नसते. ती पुडी धान्यासाठी असते. ज्याने ही पेटी भरली, त्याने आयुष्यात कधी घरात वर्षाचे सामान भरलेले नसावे, हा निष्कर्ष मला टाळता आला नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू उन्हात वाळवून, एरंडेलाचा हात लावून कोठीत भरायची रीत अजून चालू आहे. त्या बेगमीला पुस्तिका लागत नाही.

नाण्यांचा निकाल सराफ्यात लागला. रात्री जेथे भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळतात त्याच गल्लीत दिवसा दुकान उघडणाऱ्या एका जुन्या सराफाने कसोटीच्या दगडावर नाण्याची रेघ ओढली, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला, आणि रेघ हिरवी झालेली मला दाखवून नाणे काही न बोलता परत केले. ते जर्मन सिल्व्हर होते, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, ज्यात चांदीचा कणही नसतो. पुस्तिकेत पुन्हा पाहिले तेव्हा ‘सिल्व्हर फिनिश’ असा शब्द बारीक अक्षरांत सापडला. पण समजा, नाणी खरी चांदीची असती, तरी मी त्यांना फार गुण दिले नसते, कारण दोन हजारांच्या नोटेचा दोष त्यांच्यातही आहे. दहा ग्रॅम चांदी देऊन कोथिंबिरीची जुडी कशी घ्यायची आणि उरलेले परत कशाच्या रूपाने मागायचे, याचे उत्तर पेटीत नाही.

खरी परीक्षा मात्र दारात झाली. आमच्या ओट्याशी रोज सकाळी टोपली उतरवणाऱ्या भाजीवालीला मी विश्वासात घेतले आणि तिला सांगितले की आज पैसे नाहीत असे समज आणि या सामानातून तुला हवे ते घेऊन भाजी दे. तिने कॉफीची पुडी उलटसुलट पाहून खाली ठेवली आणि म्हणाली, “ये नी चलेगा बाबूजी, चायपत्ती हो तो दो.” मेणबत्त्यांवर ती हसली. साबण तिने नाकाशी नेला आणि हा कोणता, असे विचारले, कारण वेष्टनावर ओळखीचे नाव नव्हते. शेवटी पत्नीने घरातून दहा रुपयांचा नेहमीचा साबण आणला, तेव्हा त्याच्यावर मेथीच्या दोन जुड्या लगेच मिळाल्या. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना सुया दाखवल्या, तर त्यांना मशीनच्या सोळा नंबरच्या सुया हव्या होत्या, हातशिलाईच्या नव्हेत. दूधवाल्याला यांतले काहीच नको होते. त्याला हवी होती म्हशींसाठी कापसाची खळी, म्हणजे सरकीची पेंड, जिचा भाव इंदूरच्या बाजारात रोज निघतो आणि जिचा एकही दाणा या पेटीत नव्हता. माझ्याकडे त्याच्या गरजेचे असावे आणि त्याच वेळी त्याच्याकडे माझ्या गरजेचे असावे, ही अदलाबदलीची जुनी अडचण अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका वाक्यात उरकते. दूधवाला सायकल वळवून निघून जातो तेव्हा ती नीट कळते.

माझ्या आईला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. बोहारीण दारात आली की वडिलांची जुनी पँट, दोन साड्या आणि एक शर्ट यांवर एक स्टीलचे पातेले, असा तो तास-तासाचा सौदा मी लहानपणी पाहिला आहे. त्यात भाव आई सांगत असे, पण ठरवीत असे बोहारीणच, कारण जरीचा काठ पुढे कोण घेणार आणि उसवलेला खिसा कोण घेणार नाही, हे तिला माहीत होते. पेटीवाल्यांनी माल ठरवताना घेणाऱ्याला विचारलेलेच नाही.

पुस्तिकेत बोस्नियातील सारायेवो शहर आणि अर्जेंटिना यांचा प्रत्येकी दोन ओळींत उल्लेख आहे, तोही घाबरवण्यापुरता. वास्तविक त्या उदाहरणांतूनच चांगली यादी तयार झाली असती. दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या छावण्यांत आणि पुढे जर्मनीत जून १९४८ मध्ये नवा मार्क येईपर्यंत सिगारेट हेच चलन होते. ती मोजता येते, सारख्या आकाराची असते, खिशात मावते, एक-एक करून देता येते आणि न ओढणाऱ्यालाही ती घ्यावीशी वाटते, कारण ओढणारा पुढे भेटणारच असतो. छावण्यांत तर चांगली सिगारेट लोक ओढून टाकीत आणि हलकी व्यवहारात फिरे, म्हणजे खोटे नाणे खऱ्याला हाकलते हा नियम तेथेही चुकला नाही. १९९२ ते १९९६ या वेढ्याच्या काळात सारायेवोतही सिगारेटींनी हेच काम केले. मी तंबाखूचा साठा करा असे सुचवीत नाही. आमच्या घरात विडी येणार नाही आणि ती कोरडी पडून चुरते, हेही आहेच. पण ज्या गुणांमुळे सिगारेट चालली, ते गुण काडेपेटीत, चहाच्या छोट्या पुड्यात आणि नेहमीच्या साबणात आहेत. मासे धरण्याच्या गळात नाहीत. चहाला तर कोणी हसू नये. इराणच्या तेलाचे थकलेले सुमारे २५ कोटी डॉलर चहा पाठवून फेडण्याचा करार श्रीलंकेने डिसेंबर २०२१ मध्ये केला होता.

अर्जेंटिनाचे उदाहरण आणखी बोधक आहे. डिसेंबर २००१ मध्ये तेथे खात्यातून आठवड्याला २५० पेसोंहून अधिक रोख काढण्यास बंदी आली, आणि १९९५ पासून चालत आलेल्या अदलाबदलीच्या मंडळांत लाखो लोक आले. तेथे लोक घरी केलेले खाद्यपदार्थ, शिवलेले कपडे आणि केस कापून देण्याचे कामसुद्धा घेऊन बसत. मंडळांनी स्वतःची कागदी कूपने काढली होती. त्यांच्या नकला निघाल्या, संख्या बेसुमार वाढली आणि २००२ मध्येच त्या कूपनांची किंमत ढासळून बहुतेक मंडळे विस्कटली. रोखपालाच्या नजरेने पाहिले तर ही सोळा पानांत सर्वांत आधी छापण्याजोगी गोष्ट होती.

शिवाय एक मोठा भाग या पेटीच्या कल्पनेतच नाही, आणि तो म्हणजे उसनवारी. मार्च २०२० च्या अखेरीस इंदुरात किराण्याची दुकानेसुद्धा काही दिवस पूर्ण बंद होती. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात वस्तू पुष्कळ फिरल्या: वाटीभर साखर, चार चमचे चहा, एका काकूंकडची रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. पण समोरासमोर तोलून अदलाबदल एकदाही झाली नाही. प्रत्येकाच्या मनात हिशेब होता आणि तो महिन्याभराने सावकाश फिटला. नोटबंदीत कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याने वही उघडली होती, तीही याच जातीची गोष्ट. ओळखीत उसनवारी चालते. हातोहात अदलाबदल लागते ती अनोळखी माणसाशी. म्हणून या पेटीचा उपयोग असलाच तर तो ज्याला आपले नावगाव ठाऊक नाही अशा माणसाशी व्यवहार करण्यापुरता आहे, आणि असा माणूस अनोळखी वेष्टनातला साबण घेणार नाही, हे आपण पाहिलेच.

पेटीतील एकच वस्तू मनापासून चांगली निघाली, ती म्हणजे पाण्याच्या गोळ्या. त्या एकेक स्वतंत्र पाकिटात होत्या, माळ्यावरही शाबूत राहिल्या, मुदत पाच वर्षांची होती, आणि एक गोळी वीस लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला पुरते. बाटलीतले क्लोरीनचे द्रावण उन्हाळ्यात सत्त्व गमावते, त्या मानाने गोळी बरी. मात्र वापरण्याची सूचना फक्त इंग्रजीत होती. हिंदीत चार ओळी छापल्या असत्या तर भाजीवालीने कदाचित त्याही घेतल्या असत्या.

तुलनेसाठी मी जवळपास तेवढ्याच पैशांत इंदूरच्या सियागंज या ठोक बाजारातून स्वतः पेटी भरली. दोन ठोक दुकानदारांनी पूर्ण पोत्याहून कमी मीठ देण्यास नकार दिला, तिसऱ्याने दिले. काडेपेट्यांची बंडले, शंभर-शंभर ग्रॅमचे चहाचे पुडे, दहा रुपयांचे साबण, मीठ, जलसंजीवनीची पाकिटे, चौदा आणि सोळा नंबरच्या मशीनच्या सुया तेलाच्या फडक्यात गुंडाळून, आणि पांढऱ्या व काळ्या दोऱ्याची रिळे, एवढे घेऊनही पैसे उरले. काडेपेटीचा भाव डिसेंबर २०२१ मध्ये चौदा वर्षांनी एक रुपयावरून दोन रुपये झाला, तरी आजही इतक्या थोड्या पैशांत इतकी ओळखीची आणि मोजून देता येणारी दुसरी वस्तू मला सुचत नाही. पावसाळी दमटपणासाठी त्या स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवल्या आणि डबा माळ्यावर न नेता जिन्याखाली ठेवला. या सामानाची आणखी एक सोय अशी की काही कोसळले नाही, तर ते घरातच वापरून संपते आणि नवे भरता येते. वाकड्या मेणबत्त्यांचे आणि खोट्या नाण्यांचे तसे होत नाही.

सेवेविषयी थोडक्यात सांगायचे तर पेटी सांगितलेल्या दिवसापेक्षा नऊ दिवस उशिरा आली. नाण्यांची तक्रार केल्यावर ‘पेटी उघडलेली असल्याने परत घेता येत नाही’ असे उत्तर आले. न उघडता नाणी कशी तपासावीत, या माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. पाचांपैकी मी दीड गुण देतो, एक गोळ्यांना आणि अर्धा पत्र्याच्या पेटीला, जिची कडी चांगली बसते आणि जिच्यात सध्या आमच्या घरचे वर्षाचे तांदूळ आहेत. कॉफी पाहुण्यांनी संपवली. गळ अजून तसेच पडून आहेत. कोणाला हवे असल्यास सोळा नंबरच्या सुयांच्या एका पाकिटावर देईन.