मुलाच्या घराचा हप्ता थकायला लागलाय: एफडी मोडायची, व्याज द्यायचं, की त्यांना घरी बोलवायचं?

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. आता निवृत्त आहे, तरी ओळखीतले आई-वडील अजून विचारायला येतात, आणि चित्र बहुतेक वेळा एकच असतं. ते स्वतः पुण्यात कोथरूड किंवा बिबवेवाडीच्या जुन्या सोसायटीत राहतात, त्यांचं कर्ज केव्हाच फिटलेलं असतं. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई वाकडला नाहीतर खराडीला, दोन पगारांच्या भरवशावर घेतलेल्या टू बीएचकेत. मग एकाची नोकरी जाते, किंवा बाळ झाल्यावर एक पगार थांबतो. मुलं आधी मित्रांकडून उसने घेतात, मग क्रेडिट कार्ड घासतात, आणि आई-बाबांना सगळ्यात शेवटी सांगतात. ऐकल्या ऐकल्या बाबा एफडीच्या पावत्या काढून बसतात. तिथेच थोडं थांबायला हवं.

सगळ्या पर्यायांसाठी एकच उदाहरण धरू: कर्ज ५० लाख बाकी, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता ४३,३९१ रुपये.

आधी बँक, मग तुमचे पैसे

मुलाने एकही हप्ता बाउन्स होण्याआधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्याच्या यादीत जातं, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण वसूल करू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि पुढे घराचा ताबा. त्या टप्प्यावर बँकेतल्या माणसाला मनात असूनही फारसं काही करता येत नाही. पहिला हप्ता चुकायच्या आधी मात्र बरंच करता येतं.

मुदत वाढवून २५ वर्षं केली तर हप्ता ४०,२६१ होतो, ३० वर्षं केली तर ३८,४४६. म्हणजे दहा वर्षं वाढवूनही महिन्याला पाच हजारसुद्धा वाचत नाहीत, आणि एकूण व्याज सुमारे ३४ लाखांनी वाढतं. शिवाय निवृत्तीच्या वयापुढे मुदत द्यायला बँक सहसा तयार होत नाही. व्याजदर कमी करून घेणं यापेक्षा चांगलं. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, पण पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला, कारण दर उतरला की बँका हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. अडचणीच्या काळात 'मुदत तशीच ठेवा, हप्ता कमी करा' असं लेखी मागावं लागतं. याच उदाहरणात दर ७.५ टक्के झाला तर हप्ता ४०,२८० वर येतो, तोही मुदत न वाढवता.

एकदम दहा लाख, की त्यावरचं व्याज दरमहा?

आई-वडील सगळ्यात मोठी चूक इथे करतात असं मी पाहिलं आहे, म्हणून इथे जास्त लिहिते.

समजा तुम्ही दहा लाख कर्जखात्यात भरले. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, तेव्हा ती भीती नको. पण काहीच सांगितलं नाही तर बहुतेक ठिकाणी हप्ता ४३,३९१ च राहतो आणि मुदत साडेबारा वर्षांवर येते. एरवी हा हिशोब उत्तम आहे, पण ज्या घरात याच महिन्याचा हप्ता निघत नाही तिथे त्याचा काय उपयोग? तुमचे दहा लाख गेले आणि हप्त्याची पाच तारीख होती तशीच राहिली. हप्ता कमी करून मागितला तर तो ३४,७१३ होतो, म्हणजे महिन्याला ८,६७८ रुपयांची सुटका.

आता तेच दहा लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आहेत असं धरा. वर्षाला ८२,००० व्याज, महिन्याला सुमारे ६,८३३. हे व्याज मुलाला दिलं तर कर्जात दहा लाख घालून मिळणाऱ्या सवलतीपेक्षा ते महिन्याला १,८४५ रुपयांनीच कमी पडतं. व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यामुळे कर बसत असेल तर फरक थोडा वाढेल. पण मुद्दल तुमच्या नावावर राहते. उद्या बायपास निघाली, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर ते पैसे हाताशी आहेत. साध्या कर्जखात्यात गेलेले दहा लाख मुलाने कितीही मनात आणलं तरी परत काढता येत नाहीत.

एकरकमी भरणं योग्य ठरतं ते एकाच परिस्थितीत: पैसे कमी व्याजाच्या ठेवीत पडून आहेत, आणि ते वगळूनही तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची आणि घरखर्चाची पुरेशी सोय आहे.

अडचण थोड्या दिवसांची असेल, मुलाखती चालू असतील, तर बारा महिने दरमहा १५,००० द्या. एकूण १ लाख ८० हजार. पैसे ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्यातच, हप्त्याच्या दोन दिवस आधी भरा. आणि शेवटचा महिना आजच ठरवा, मुलासमोर आणि सुनेसमोर.

घरी बोलावणं

याबद्दल लोक बोलायला कचरतात, पण मला हा पर्याय मनापासून पटतो. मुलाचा फ्लॅट २४,००० ने भाड्याने गेला तर हप्त्यातले त्याच्या खिशातून १९,३९१ उरतात. व्याज देऊन किंवा मुदत वाढवून एवढा फरक कधीच पडत नाही. फक्त लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार नोंदणीकृत करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. आणि फ्लॅट भाड्याने देतोय हे सोसायटीला कळवा.

अडचणी आहेतच. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणं म्हणजे काय ते चांदणी चौकातून जाणाऱ्याला सांगायला नको. नातवंडाची शाळा बदलते. एका स्वयंपाकघरात दोन सवयी येतात. म्हणून हे सुनेला न विचारता ठरवू नका. तिला आधी विचारा, तेही एकटीला. मुदतही ठरवा: दोन शैक्षणिक वर्षं, मग पुन्हा बसून बोलू.

याला मात्र नाही म्हणा

सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करू नका. हप्ता चुकला तर वसुली तुमच्याकडेही येते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक, तुमचाही खराब होतो. स्वतःचं राहतं घर तारण ठेवून मुलाचा हप्ता भरणं तर अजिबात नको, एका धोक्यात दोन घरं जातात. सोनेतारण दोन-तीन महिन्यांच्या खिंडीपुरतं ठीक.

विकणं

दोन पगारांपैकी एक कायमचाच गेला असेल आणि भाडं धरूनही जमत नसेल, तर घर विकणं हाच उपाय आहे, आणि तो बँकेने लिलाव करण्याच्या आत, स्वतःच्या हाताने. घर घेऊन २४ महिने झाले नसतील तर नफा अल्पकालीन धरून मुलाच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, म्हणून तारीख आधी पाहा. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत द्यायची असतात. उशीर तिच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.

दिलेले पैसे उसने की बक्षीस, हे त्याच दिवशी कागदावर लिहा. आई-वडिलांकडून मिळालेल्या रकमेवर मुलाला कर लागत नाही, पण उसने देत असाल तर २०,००० किंवा त्याहून जास्त रोखीत देऊ नका, खात्यातूनच द्या. दुसरं अपत्य असेल तर तो कागद त्यालाही दाखवा. मुलीला हे वर्षभराने भावाच्या तोंडून कळलं तर पैशांपेक्षा लपवल्याचं दुःख जास्त होतं. मी हे दोन घरांत पाहिलंय, आणि दोन्हीकडे नंतर बोलणं बंद झालं.