केस ब्रीफची फाईल: वर्षभर वापरल्यावर

अमेरिकेत बीएला राज्यशास्त्र विभागाचा ‘कॉन लॉ’ (घटनात्मक कायदा हा विषय) घेतला की पहिल्याच आठवड्यात फर्मान निघतं: प्रत्येक केसचा ब्रीफ, म्हणजे ठरावीक रकान्यांतला सारांश, लिहून आणा. घटना, कायद्याचा प्रश्न, निकाल, कारणं, वेगळी मतं. सगळं एका पानात. पद्धत मूळची लॉ स्कूलची. नव्याने येणारी आपली मुलं विचारतात, ही नुसती कारकुनी तर नाही ना? वर्षभर करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारकुनी नाही. पण सगळे ज्या ‘निकाल’ रकान्यासाठी धडपडतात, तो मला सर्वांत कमी कामाचा वाटला. मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३) घ्या. मार्बरीची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, पण नेमणूकपत्र हातात पडलं नाही. निकाल काय, तर मार्बरीचा हक्क खरा, पण त्याला नेमणूकपत्र देववण्याचा अधिकार कोर्टाला नाही, कारण तो देणारं १७८९च्या कायद्याचं कलम १३च घटनाबाह्य. खरी गंमत घटनांच्या रकान्यात. ती नेमणूकपत्रं वाटायची राहिली तेव्हा परराष्ट्रमंत्री होते जॉन मार्शल, आणि हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीशही तेच! आज कोणी असं केलं तर केवढा गहजब होईल.

छापील नमुन्यात सहमतीच्या मताला (निकाल मान्य, पण स्वतःची कारणं वेगळी मांडणाऱ्या न्यायाधीशाच्या मताला) जेमतेम दोन ओळी ठेवलेल्या असतात, आणि तिथेच तो तोकडा पडतो. यंग्सटाउन (१९५२) या केसने मला ते दाखवलं. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर, म्हणून ट्रुमन यांनी कारखानेच सरकारच्या ताब्यात घेतले. कोर्टाने ६-३ ने ते बेकायदा ठरवलं. बहुमताचं मत न्या. ब्लॅक यांचं, पण पुढे सगळे धरून बसले न्या. जॅक्सन यांचं सहमतीचं वेगळं मत. काँग्रेसची (अमेरिकेच्या संसदेची) संमती असेल तर राष्ट्राध्यक्षाचं बळ सर्वाधिक, ती गप्प असेल तर धूसर, तिच्या इच्छेविरुद्ध गेला तर सर्वांत कमी. परीक्षेत विचारतात ते हेच. मी तर आता या रकान्याला अर्धं पान देते.

तयार ब्रीफ नेटवर पोत्याने मिळतात. एकात सहमतीचं मत चक्क बहुमताचं म्हणून टाकलेलं सापडलं, तेव्हापासून तो नाद सोडला. मूळ निकालपत्रं जस्टिया आणि कॉर्नेलच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. केसबुकात कात्री लावलेला मजकूर असतो, म्हणून निदान महत्त्वाच्या केसेस तरी या संकेतस्थळांवर पूर्ण वाचाव्यात. ब्रीफ लिहून झाला की ओयेझ या संकेतस्थळावर सर्वोच्च न्यायालयातले तोंडी युक्तिवाद ऐका. १९५५ पासूनची ध्वनिमुद्रणं आहेत. आंतरवंशीय लग्नावरच्या बंदीविरुद्धच्या लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया (१९६७) मध्ये वकील कोहेन आपल्या अशिलाचा निरोप कोर्टाला सांगतात: माझं बायकोवर प्रेम आहे, आणि व्हर्जिनियात मला तिच्यासोबत राहता येत नाही हा अन्याय आहे. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. मी समासात लिहून ठेवलं.

आपल्या लोकांनी अभ्यासक्रमात नसली तरी भगतसिंग थिंड या भारतीयाची नागरिकत्वाची केस (१९२३) जरूर ब्रीफ करावी. तेव्हाच्या कायद्यात नागरिकत्वासाठी ‘गोरा’ असण्याची अट होती, आणि वाद त्या शब्दाच्या अर्थाचा. न्या. सदरलँड यांनी ओझावा या जपानी अर्जदाराच्या केसमध्ये ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन असं म्हटलं, आणि तीनच महिन्यांत थिंड यांना सांगितलं की सामान्य माणूस तुम्हाला गोरा मानत नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवली की कारणांचा रकाना आपोआप बोलतो. थिंड यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. पुढे सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढायला घेतलं, पण ती लढाई ते जिंकले.

तोटा वेळेचा. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी दमवतं, आणि मॅक्युलॉक (१८१९) सारखी केस शनिवार खाऊन टाकते. नुसते क्रेडिट भरायला विषय घेतला असेल तर फार सोस नको. लॉ स्कूलचा विचार असेल तर मात्र सवय आत्ताच लावा.

आणि शिवलेली वही घेऊ नका, सुट्या पानांची फाईल घ्या. रो (१९७३) च्या पानामागे डॉब्स (२०२२), शेव्हरॉन (१९८४) मागे लोपर ब्राइट (२०२४) अशी पानं मागाहून घालावी लागतात, कारण नवा निकाल जुना रद्द करतो.