टेक्सचुरा की फ्राक्टुर?
वांद्र्यातील एखाद्या बेकरीच्या पाटीवर किंवा लग्नपत्रिकेवर ब्लॅकलेटर (मध्ययुगीन युरोपातील जाड, टोकदार) वळणाची रोमन अक्षरे वापरायची झाल्यास निवड बहुधा टेक्सचुरा आणि फ्राक्टुर या दोन प्रकारांत करावी लागते. टेक्सचुरा अधिक जुनी. जर्मन मुद्रक गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापले ते याच वळणात. तिचे उभे दांडे इतके एकसारखे आणि दाटीने उभे असतात की ‘मिनिमम’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला, तर एम कुठे संपला आणि आय कुठे सुरू झाला हे चटकन उमगत नाही. म्हणून मोठ्या आकारातील दोन-तीन शब्दांनाच ती शोभते. १६व्या शतकात जर्मन प्रदेशात रूढ झालेल्या फ्राक्टुरमध्ये सरळ रेषांना वळणदार रेषांची जोड मिळते आणि अक्षरे सुटी दिसतात. मात्र तिची नक्षीदार कॅपिटल अक्षरे सलग मांडली (टी-शर्टांवर हा प्रकार सर्रास दिसतो), की नाव वाचताच येत नाही. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरील देवनागरी अक्षरे अन्य लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाहीत, त्यामुळे ठळक शिरोरेषेखाली टेक्सचुराच अधिक नेटकी बसते, असे माझे मत आहे. पत्रिकेसाठी मात्र फ्राक्टुर घ्यावी.