येशूचे पुनरुत्थान : घडलेली घटना की शिष्यांना झालेले दर्शन?

ख्रिस्ती श्रद्धा तपासून पाहायची तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रचारक पौल यानेच सोडवून ठेवला आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे त्याने करिंथ येथील मंडळीला लिहिले. त्यामुळे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) किंवा कुमारीजन्म यांकडे वळण्याआधी जिज्ञासूने या एका घटनेविषयीचे दोन पक्ष शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. येशू खरोखर मेलेल्यांतून उठला, असे एक पक्ष मानतो. शिष्यांना तसा अनुभव प्रामाणिकपणे आला, पण थडग्यात काही घडले नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. देह चोरीला गेल्याचा किंवा येशू क्रूसावर केवळ बेशुद्ध पडल्याचा तर्क आज गंभीर अभ्यासकांत फारसा कोणी धरून बसत नाही. रोमन शिपायांना आपले काम येत होते.

येशूला क्रूसावर देहदंड झाला, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. इ. स. ११६च्या सुमारास लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांविषयी तिरस्काराने लिहितो, पण ख्रिस्ताला रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हातून मृत्युदंड मिळाल्याची नोंद करतो. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथात ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ याकोब याच्या वधाची हकिगत आहे. त्याच ग्रंथात येशूवर एक मोठा उताराही आहे, मात्र त्यावरून नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकाचा हात फिरला आहे असे बहुतेक जाणकार मानतात. एखाद्या प्रचारपत्रकात तो उतारा बिनदिक्कत पुरावा म्हणून छापलेला दिसला, तर ते पत्रक खुशाल बाजूला ठेवावे.

माझ्या मते सर्वांत वजनदार पुरावा येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्क, मत्तय, लूक व योहान या चार शुभवर्तमानांत नसून पौलाच्या पत्रात आहे. करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५५च्या आसपासचे, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी लिहिलेले आहे. त्याच्या १५व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुमच्या स्वाधीन केले, आणि मग पाठांतरासाठी बांधलेली वाटावी अशी यादी येते : मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि सर्वांत शेवटी मला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की ख्रिस्ती झाल्यावर तीन वर्षांनी आपण यरुशलेमेस गेलो, केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि याकोबालाही भेटलो. म्हणजे यादीतील मुख्य माणसे हयात होती आणि पौलाच्या ओळखीची होती. दंतकथा पिढ्यानपिढ्या फुगत गेली, हा आक्षेप येथे लागू पडत नाही.

दर्शनाचा पक्ष मात्र हीच यादी आपल्या बाजूने वाचतो. पौलाला झाले ते दर्शन होते, आणि स्वतःच्या अनुभवासाठी तो जे क्रियापद वापरतो तेच केफासाठीही वापरतो. मग केफाचा अनुभव वेगळ्या जातीचा कशावरून मानायचा? जवळचे माणूस गेल्यावर ते दिसल्याचे, त्याचा आवाज ऐकू आल्याचे सांगणारे लोक आपल्याही घरांत असतात. गुरूला नाकारून पळालेल्या पेत्राच्या बाबतीत हे स्पष्टीकरण मला सहज पटते. पौलाच्या बाबतीत ते अडखळते, कारण तो शोकात नव्हता, तर या मंडळीचा छळ करत होता. त्याच्या मनात अपराधभाव साठला होता, असे म्हणता येते, पण तो अंदाजच होय. पाचशे जणांविषयी दोन्ही पक्षांनी जपून बोलावे. त्यांतल्या एकाचेही नाव पौल देत नाही आणि हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत सांगितलेला नाही.

रिकाम्या थडग्याचा पुरावा याहून दुबळा आहे. पौल पुरल्याचे सांगतो, थडगे रिकामे सापडल्याचे सांगत नाही. ती कथा प्रथम मार्कात, म्हणजे इ. स. ७०च्या सुमारास येते. कागदावर चार रकाने आखून तपशील उतरवले की विसंगती लगेच दिसते : मार्कात तीन स्त्रिया आणि एक तरुण, मत्तयात दोन स्त्रिया आणि एक देवदूत, लूकात अनेक स्त्रिया आणि दोन पुरुष, योहानात एकटी मग्दालीया मरीया आणि पुढे दोन देवदूत. तरीही चौघांनी साक्ष स्त्रियांच्या तोंडी दिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला मान नव्हता आणि दुसऱ्या शतकातील टीकाकार केल्सस याने नेमकी यावरच टवाळी केली. कथा रचणाऱ्याने सोयीचे साक्षीदार निवडले असते.

क्रूसावर मेलेल्यांना थडगे मिळतच नसे, या आक्षेपाला यरुशलेमेजवळ १९६८ साली सापडलेल्या एका टाचेच्या हाडाने उत्तर दिले. त्यात ११.५ सेंटीमीटरचा लोखंडी खिळा अजून अडकलेला आहे, त्याचे टोक वाकलेले आहे आणि ते हाड कुटुंबाच्या थडग्यात, अस्थिपेटीत ठेवलेले होते. असे दफन होऊ शकत होते, एवढे यावरून सिद्ध होते. येशूचे झालेच, हे होत नाही.

शिष्यांनी प्राण दिले, हा युक्तिवाद प्रवचनांत फार ऐकू येतो. त्यातून त्यांचा प्रामाणिकपणा कळतो, श्रद्धेची सत्यता कळत नाही. शिवाय बहुतेक प्रेषितांच्या मरणाच्या कथा बऱ्याच उशिराच्या आहेत.

मग निर्णय कशावर ठरतो? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मांडले की चमत्कार घडला यापेक्षा साक्षीदार चुकले, हे नेहमीच अधिक संभाव्य असते. ईश्वर नाही असे गृहीत धरणाऱ्याला यापुढे जाण्याचे कारण उरत नाही. ईश्वर असू शकतो असे मानणाऱ्यासाठी मात्र पौलाची यादी नुसत्या दर्शनाच्या स्पष्टीकरणावर भारी पडते, असे मला वाटते. अर्थात माणसे याच वाटेने श्रद्धेकडे येतात असे नाही. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेणाऱ्या ना. वा. टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला होता, आणि त्यांना ओढून घेतले ते त्यातील येशूच्या डोंगरावरील उपदेशाने, म्हणजे गिरिप्रवचनाने.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विसाव्या शतकातील यहुदी विद्वान पिन्हास लापिडे यांनी पुरावा तपासून येशूचे पुनरुत्थान ही खरी घटना मानली आणि तरीही ते अखेरपर्यंत यहुदीच राहिले, कारण येशू हा इस्राएलचा मसीहा होता, हे त्यांना मान्य नव्हते. उठणे आणि देवाचा पुत्र असणे, हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दुसऱ्या दाव्यासाठी टाचेचे हाड कामाला येत नाही.